वाचकांचे प्रश्न : केबलवरच्या लेबलची लांबी आणि अक्षरांची जागा

या वेळच्या टपालात केबल आणि वायरवरची लेबलं छापणाऱ्या यंत्रांविषयीची पत्रं सर्वांत जास्त आहेत. कोणाकडे फेरूल (वायरच्या टोकावर ओवायची नंबरची छोटी ट्यूब) छापणारं यंत्र आहे, कोणाकडे हातात धरायचं टेपचं, तर कोणाकडे संगणकाला जोडलेलं रोलचं. मेनूतली नावं यंत्रागणिक थोडी बदलतात, हिशोब मात्र तोच राहतो. बहुतेक पत्रांमधली अडचण एकाच ठिकाणी सुरू झालेली दिसते: लेबलाची लांबी मजकूर बघून ठरवली आहे. ती वायरचा व्यास बघून ठरवायची असते. म्हणून व्हर्निअर (व्यास मोजायचं कॅलिपर) हाताशी ठेवूनच पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : आम्ही मोटर कंट्रोल पॅनेल बनवतो. फेरूल प्रिंटरवर लांबी 20 मिमी ठेवली, तरी तुकडे थोडे मोठे निघतात आणि नंबर मधोमध न येता एका कडेला सरकतो. सेटिंगमध्ये प्रिंट पोझिशन हलवून नंबर मध्यावर आणला, पण ट्यूबचं नवीन बंडल लावलं की पुन्हा तेच. कायमचा उपाय काय?
— पॅनेल वायरमन, जळगाव एमआयडीसी

उत्तर : तुम्ही दोन दुरुस्त्या उलट क्रमाने केल्या आहेत. आधी लांबी, मग मध्य.

कारण असं. छापणारं हेड आणि कापणारं पातं यांच्यामध्ये ठरावीक अंतर असतं. रोलर ट्यूब पुढे ढकलतो तेव्हा यंत्र फक्त आपण किती ढकललं याची मोजणी करतं, ट्यूब खरोखर किती सरकली हे त्याला दिसत नाही. समजा हेड आणि पातं यांच्यात 30 मिमी अंतर आहे आणि रोलर 3 टक्के जास्त ढकलतो. मग प्रत्येक तुकड्यात छपाई आणि काप यांच्यात जवळपास 0.9 मिमीचा फरक पडणार. म्हणजे नंबर बाजूला सरकणं हा लांबीच्या चुकीचाच परिणाम आहे. प्रिंट पोझिशन हलवून तुम्ही परिणाम झाकता, मूळ कारण जागच्या जागी राहतं, आणि ट्यूब बदलली की ते पुन्हा वर येतं.

लांबी अशी तपासा. एकच नंबर घेऊन 20 तुकडे हाफ कटवर सलग छापा, म्हणजे ते सुटे न होता एका पट्टीत राहतील. पहिले दोन तुकडे सोडून द्या, सुरुवातीला ट्यूब नीट पकडीत आलेली नसते. उरलेल्या 18 तुकड्यांची एकत्र लांबी स्टीलच्या पट्टीने मोजा, ट्यूब ताणू नका. 360 मिमी यायला हवी. 371 आली तर यंत्र साधारण 3 टक्के जास्त देत आहे. लेंग्थ करेक्शनची सोय असेल तर तिथे वजा 3 टक्के भरा. नसेल तर लांबी 19.4 ठेवा, यंत्र अर्ध्या मिमीच्या टप्प्यानेच घेत असेल तर 19.5. एकेक तुकडा मोजून हा फरक हाती लागत नाही, अर्धा मिमी डोळ्याला सहज चुकतो.

करेक्शन भरण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी बघून घ्या, नाहीतर बिघाडच सेटिंगमध्ये कायम होईल. यंत्रात निवडलेला ट्यूबचा आकार आणि लावलेली ट्यूब एकच आहे का? आकार चुकला तर रोलरचा दाब चुकतो. रोलर स्वच्छ आहे का? पीव्हीसीतून बाहेर येणारा तेलकट अंश आणि धूळ मिळून त्यावर थर बसतो. थर जाड झाला तर तुकडे मोठे निघतात, थर गुळगुळीत झाला तर रोलर घसरून लहान निघतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर हाताने फिरवत पुसा. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. तिसरं, बंडल मोकळं फिरतंय का? ते अडकत असेल तर ट्यूब ताणलेल्या अवस्थेत कापली जाते आणि सुटल्यावर आखडते. मग एक तुकडा 20, पुढचा 19, असं अनियमित येतं. अनियमित चुकीवर कोणतंही करेक्शन लागू पडत नाही, हे लक्षात असू द्या.

तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये ट्यूब मऊ पडते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कडक होते. उन्हाळ्यात भरलेलं करेक्शन हिवाळ्यात तसंच बरोबर असेल असं धरून चालू नका. काही यंत्रांत ट्यूब गरम करणारा छोटा हीटर असतो, थंडीत तो चालू ठेवा. नवीन बंडल लावलं की 20 तुकड्यांची चाचणी करायचीच. ट्यूब अर्धा मीटरही जात नाही.

लांबी जुळली की अलाइन ‘सेंटर’ करा आणि प्रिंट पोझिशन शून्यावर आणा. त्यानंतरही नंबर दरवेळी तेवढाच सरकलेला दिसला, तर आणि तरच पोझिशन 0.5 मिमीच्या टप्प्याने हलवा.

20 मिमी ही लांबी बरोबर आहे का, हेही विचारायला हवं होतं. 3 मिमी उंचीचं अक्षर साधारण रुंदीत छापलं तर एका अक्षराला सुमारे 2 मिमी लागतात. पॅनेलमधला सर्वांत लांब नंबर सात अक्षरी असेल तर 14 मिमी, दोन्ही कडांना दोन-दोन, एकूण 18. म्हणजे 20 योग्य. नंबर नऊ अक्षरी असेल तर 24 ठेवा किंवा अक्षरं अरुंद करा. एका पॅनेलमध्ये सगळ्या फेरूलची लांबी एकच ठेवावी, दोन अक्षरी नंबरांचीसुद्धा. टर्मिनलच्या रांगेत फेरूल लहानमोठे असले की नंबर एका ओळीत येत नाहीत आणि फॉल्ट शोधणाऱ्याची नजर अडखळते. बाहेरचा व्यासही बघा. अडीच स्क्वेअर एमएमचं टर्मिनल साधारण 5 मिमी रुंद असतं. त्याहून जाड ट्यूब घातली तर शेजारचा फेरूल तिरका होतो.

प्रश्न : सोलर पंप आणि छोट्या सोलर प्लँटची कामं करतो. 4 स्क्वेअर एमएमच्या डीसी केबलवर टेपची लेबलं गुंडाळली, महिन्याभरात टोकं उघडली. काही लेबलांवर नंबरचा पहिला भाग टेपच्या दुसऱ्या पदराखाली गेला. अलाइन सेंटरच होतं. टेप बदलू की लांबी?
— सोलर इन्स्टॉलर, साक्री

उत्तर : दोन्ही. आधी लांबीचं बघू.

तुमची केबल बाहेरून मोजा. समजा 6 मिमी आली. परीघ म्हणजे व्यास गुणिले 3.14, साधारण 19 मिमी. एक वेढा आणि त्यावर 6 मिमीचा पदर धरला तर लेबल 25 मिमी. आता सेंटर ठेवलं तर मजकुराचा मध्य 12.5 मिमीवर येतो. पण गुंडाळल्यावर सुरुवातीचे 6 मिमी शेवटच्या पदराखाली जातात. डोळ्यांना दिसतात ते शेवटचे 19 मिमी, आणि त्यांचा मध्य सुरुवातीपासून 15.5 मिमीवर आहे. म्हणजे मजकूर 3 मिमी उजवीकडे हवा, पदराच्या बरोबर निम्मा. यंत्रात एवढं बारीक सरकवता येत नसेल तर अलाइन ‘राइट’ करा आणि चिकटवताना नेहमी डाव्या कडेने सुरुवात करा. मजकूर छोटा असेल तर सुरुवातीला एक-दोन रिकाम्या जागा टाकूनही काम भागतं.

सेल्फ-लॅमिनेटिंग लेबलांना नियम याच्या नेमका उलटा आहे. त्यांना सुरुवातीला पांढरा छपाईचा भाग आणि पुढे पारदर्शक शेपूट असते. मजकूर आतल्या वेढ्यात राहतो आणि शेपूट त्यावरून फिरून त्याला झाकते. तिथे मजकूर सुरुवातीलाच हवा. या लेबलांना केबलचा व्यासही जुळावा लागतो. लेबल एकूण 38 मिमी आणि त्यातला पांढरा भाग 12.7 मिमी असेल, तर शेपूट 25.3 मिमी. तिला 3.14 ने भागलं की 8 मिमी येतात. त्याहून जाड केबलवर शेपूट पूर्ण वेढा घेत नाही आणि मजकुराचा काही भाग उघडा राहतो. 4 मिमीपेक्षा बारीक केबलवर पांढरा भाग स्वतःवरच चढतो. तुमची 6 मिमीची केबल या मापात नीट बसते, आणि सोलरसाठी आमची पसंती याच प्रकाराला आहे.

आता टोकं उघडण्याचं. साधी लॅमिनेटेड टेप जाड आणि ताठ असते, ती सपाट पृष्ठभागासाठी आहे. 6 मिमीच्या गोलाईवर ती सतत सरळ व्हायला बघते आणि उन्हात चिकट मऊ झाला की सुटते. केबलसाठी फ्लेक्झिबल आयडी टेप वेगळी मिळते, तीच मागा. सोलर केबलचं आवरण तसंही गुळगुळीत असतं, त्यामुळे पदर 6 मिमीवर न थांबता दीड ते दोन वेढे द्या. दोन वेढ्यांना 38 मिमी लागतील आणि मजकूर शेवटच्या 19 मिमीत हवा. चिकटवण्यापूर्वी केबल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या, माती आणि हाताचा घाम दोन्ही निघायला हवेत. शक्य असेल तर हे काम सकाळीच करा. दुपारी तापलेल्या केबलवर चिकट लगेच धरल्यासारखा वाटतो, पण नंतर थोडा ताण आला की सरकतो. चिकट पूर्ण ताकदीने धरायला साधारण 24 तास लागतात, तोवर केबल ओढू नका.

थर्मल ट्रान्सफर म्हणजे रिबनवरून छापलेलं लेबलच बाहेर टिकतं. रिबनशिवाय नुसत्या उष्णतेने काळं होणारं डायरेक्ट थर्मल लेबल आपल्याकडच्या उन्हात काळवंडतं किंवा पुसट होतं. आणि जागा निवडताना लेबल कंबायनर बॉक्सच्या (सोलर पॅनेलांच्या केबल एकत्र येतात त्या पेटीच्या) आत ग्लँडपासून (केबल आत शिरते त्या तोंडापासून) थोड्या अंतरावर घ्या, सोलर पॅनेलखालच्या उघड्या केबलवर एकच लेबल ठेवून भागवू नका.

अजून एक: अक्षरं केबलभोवती फिरवू नका, केबलच्या लांबीच्या दिशेने छापा. 6 मिमीच्या केबलवर एका बाजूने जेमतेम 6 ते 7 मिमीची पट्टी नीट वाचता येते, त्यात तीन अक्षरं मावतात. रोटेट करून तोच नंबर तीन ओळींत पुन्हा पुन्हा छापला तर केबल कशीही वळलेली असो, एक ओळ समोर येते. त्यासाठी टेप रुंद लागेल. 12 मिमीच्या टेपवर प्रत्यक्ष छपाई साधारण 10 मिमीतच होते, 24 मिमीच्या टेपवर 18 मिमीपर्यंत.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात कॅट-6 केबलना झेंड्यासारखी लेबलं लावायची आहेत. दोन्ही बाजूंनी नंबर वाचता यावा. यंत्रात फ्लॅगचा पर्याय नाही. ताई, लांबी किती आणि मजकूर कुठे?
— संगणक शिक्षिका, भुसावळ

उत्तर : ताई, कॅट-6 केबलचा व्यास साधारण 6 मिमी, परीघ 19 मिमी. प्रत्येक बाजूला 25 मिमीचा झेंडा हवा तर एकूण लांबी 25 अधिक 19 अधिक 25, म्हणजे 69 मिमी. नंबर दोनदा छापायचा. एक डाव्या कडेपासून 25 मिमीच्या आत, दुसरा उजव्या कडेपासून 25 मिमीच्या आत. मधले 19 मिमी कोरे. यंत्रात दोन ब्लॉक करता येत नसतील तर नंबर लिहा, मध्ये रिकाम्या जागा टाका, पुन्हा नंबर लिहा आणि अलाइन सेंटर ठेवा. एक लेबल छापून दोन्ही नंबरांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा आणि ते 25 मिमीच्या आसपास येईपर्यंत रिकाम्या जागा कमीजास्त करा. म्हणजे मजकूर केबलला चिकटून न राहता दोन्हीकडे 3 मिमी मोकळे राहतात.

केबल उभी असेल तर एवढं पुरतं: दोन्ही बाजूंनी अक्षरं सरळ वाचता येतात. केबल आडवी असेल आणि झेंडा खाली लोंबणार असेल तर मात्र हीच अक्षरं उभी दिसतील. तेव्हा अक्षरं 90 अंशांत फिरवावी लागतात, आणि एका झेंड्यावरचा मजकूर दुसऱ्याच्या मानाने 180 अंशांत उलटा छापावा लागतो. कारण दोरीवर वाळत घातलेल्या कापडासारखी पट्टी केबलवरून पलीकडे पडते आणि तिचं वरचं टोक मागच्या बाजूला खाली येतं. साध्या यंत्रात 180 अंशांची सोय नसते. तिथे आडव्या केबलना झेंडा न लावता गुंडाळायचं लेबल लावा.

चिकटवताना पट्टीचा मध्य केबलवर टेकवा, दोन टोकं नखाने जुळवा आणि मग केबलकडून बाहेरच्या बाजूला दाबत या. लेबल केबलच्या दोन्ही टोकांना, कनेक्टरपासून 30 सेंटीमीटरच्या आत असावं.

प्रश्न : केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवायच्या खोलीत) 32 सेन्सरच्या केबल आहेत. 40 मिमीचं लेबल काढलं की आधी 25 मिमी कोरी टेप बाहेर येते. टेप महाग आहे. हे बंद करता येतं का?
— कोल्ड स्टोरेज ऑपरेटर, रावेर

उत्तर : पूर्ण बंद होत नाही, पण 32 वेळा होण्याऐवजी एकदाच होईल. ही कोरी टेप म्हणजे हेड आणि पातं यांच्यामधलं अंतर आहे. प्रत्येक लेबल वेगळं कापलं की प्रत्येक वेळी तेवढी टेप पुढे जाते. 32 लेबलं सुटी काढली तर 65 गुणिले 32, म्हणजे 2,080 मिमी. मार्जिनमध्ये ‘चेन’ निवडून सलग काढली तर 40 गुणिले 32 अधिक 25, म्हणजे 1,305 मिमी. सुमारे पाऊण मीटर टेप वाचते. नंबर एकामागून एक असतील तर सिरियलाइजची सोय वापरा, एकदाच पहिला आणि शेवटचा नंबर द्यायचा.

चेनमध्ये शेवटचं लेबल यंत्रातच राहतं. ते हाताने ओढू नका, टेप आणि रिबनची जुळणी बिघडते. फीड दाबा, मग कापा.

40 मिमी ठेवूनही लेबल मोठं निघत असेल तर लांबी ‘ऑटो’वर आहे. ऑटोमध्ये यंत्र मजकूर अधिक मार्जिन इतकी टेप घेतं. फिक्स केल्यावर मार्जिन लांबीच्या आत मोजली जाते, त्यामुळे मजकुराला 40 पैकी 34-36 मिमीच मिळतात. चेंबर चालू होण्याआधी, केबल कोरडी असताना लेबलं लावा. आतल्या दमट हवेत साधं कागदी लेबल टिकणार नाही, लॅमिनेटेडच घ्या, तीही केबलसाठीची फ्लेक्झिबल.

प्रश्न : संगणकावरून रोलच्या लेबलवर छापतो. पहिलं लेबल बरोबर, दहाव्यावर मजकूर खालच्या लेबलात उतरतो. दुसऱ्या एका रोलवर सगळ्याच लेबलांत मजकूर 2 मिमी खाली येतो. सेल्फ-लॅमिनेटिंग रोल लावला तर यंत्र एकेक लेबल सोडून छापतं.
— इलेक्ट्रिकल दुकानदार, शहादा

उत्तर : ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती छान वेगळी मांडली आहेत.

हळूहळू सरकत जाणं म्हणजे यंत्र दोन लेबलांमधली फट मोजत नाही. मीडिया टाइप ‘कंटिन्युअस’ राहिला आहे. लेबल 25 मिमी आणि फट 3 मिमी असेल तर प्रत्येक लेबलामागे 3 मिमीची चूक साचते. ‘गॅप’ निवडा, लेबलची उंची 25 आणि फट 3 अशी वेगवेगळी भरा, आणि सेन्सर कॅलिब्रेट करा, म्हणजे लावलेल्या रोलची फट त्याला ओळखायला लावा. प्रत्येक नव्या प्रकारच्या रोलला कॅलिब्रेशन पुन्हा करायचं असतं.

सगळीकडे सारखेच 2 मिमी म्हणजे ऑफसेटचा, छपाईची जागा सरकवणाऱ्या सेटिंगचा प्रश्न. 203 डीपीआयच्या (एका इंचात 203 ठिपके छापणाऱ्या) यंत्रात 1 मिमी म्हणजे 8 ठिपके, तेव्हा 16 ठिपके वर घ्या. 300 डीपीआयला 1 मिमीचे साधारण 12 ठिपके होतात. अधिक केल्यावर मजकूर वर जातो की खाली, हे आधी 8 ठिपक्यांनी करून बघा. पण त्याआधी छापण्याच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ सुरू नाही ना ते तपासा. तो पर्याय सगळा मजकूर थोडा लहान करून कडेपासून सरकवतो आणि आपण विनाकारण ऑफसेट बदलत बसतो.

तिसऱ्याचं कारण पारदर्शक शेपूट. फट ओळखणारा सेन्सर लेबलमधून आरपार प्रकाश जातो का ते बघतो. शेपटीतूनही प्रकाश जातो, तो तिलाच फट समजतो. अशा रोलच्या मागे काळी पट्टी किंवा खाच असते. सेन्सर ‘ब्लॅक मार्क’वर करा, किंवा खाच असेल तर सेन्सर सरकवून तिच्या रेषेत आणा.

प्रश्न : डीबीवर (वीज वाटपाच्या पेटीवर) 12 एमसीबींची (जादा भाराला आपोआप पडणाऱ्या स्विचांची) नावं एका पट्टीत छापली. प्रत्येकाला 18 मिमी दिले. डावीकडे बरोबर, उजवीकडच्या टोकाला नाव दोन एमसीबींच्या मधल्या फटीकडे सरकलं.
— वायरमन, पारोळा

उत्तर : एक पोलचा एमसीबी साडेसतरा ते 18 मिमीच्या दरम्यान असतो. अर्ध्या मिमीची चूक 12 वेळा झाली की 6 मिमी होतात. एक एमसीबी मोजू नका. रेलवर बसवलेल्या बाराही एमसीबींची एकत्र रुंदी मोजा आणि 12 ने भागा. 213 मिमी आली तर ब्लॉक, म्हणजे एका नावाची जागा, 17.75 मिमीची. यंत्र इतकं बारीक घेत नसेल तर चार-चारच्या तीन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीचा मध्य तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या एमसीबीच्या जोडावर ठेवा, उरलेला फरक दोन्हीकडे वाटला जातो आणि दिसत नाही. अलाइन प्रत्येक ब्लॉकमध्ये सेंटर.

प्रश्न : जिनिंगमध्ये रुई उडते, टेपची लेबलं धरत नाहीत. म्हणून हीट श्रिंक ट्यूबवर छापलं. छापताना अक्षरं छान दिसतात, गरम केल्यावर चपटी होऊन वाचता येत नाहीत.
— मेंटेनन्स फिटर, चोपडा

उत्तर : ट्यूब मुख्यतः घेरात आखडते, लांबीत फार थोडी. अक्षरांची उंची घेराच्या दिशेने असते. 2:1 ची, म्हणजे निम्म्या व्यासापर्यंत आखडणारी ट्यूब पूर्ण आखडली तर 4 मिमी उंचीचं अक्षर 2 मिमी होतं आणि रुंदी जवळपास तेवढीच राहते. म्हणून अक्षर उंच आणि अरुंद छापा. शिवाय ट्यूब केबलच्या व्यासाला जितकी जवळची घ्याल तितकी कमी आखडेल: वायर 5 मिमी असेल तर 6 मिमीची ट्यूब घ्या, 9 मिमीची नको. लांबी ठरवताना मजकुराच्या दोन्ही बाजूंना किमान 3 मिमी सोडा, कडा आखडताना किंचित वाकड्या होतात. थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिम्प करण्याआधी, म्हणजे दाबून बसवण्याआधी, ट्यूब वायरवर ओवायची. हॉट एअर गन मधून कडांकडे फिरवा. लायटरने काजळी धरते आणि जिनिंगमध्ये उघडी ज्योत न्यायचीच नाही. गनसुद्धा रुई झाडून, यंत्र बंद ठेवूनच वापरा.

प्रश्न : उपसा सिंचनाच्या पंपघरात नावं मराठीत हवीत. संगणकावरून छापलं तर ‘विहीर’मधल्या वेलांट्यांचा वरचा भाग कापला जातो.
— पंप ऑपरेटर, शिरपूर

उत्तर : ऑटो साइझ अक्षराचा आकार इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीवरून ठरवतो. वेलांटी, मात्रा आणि रफार त्याच्या वर जातात, उकार खाली. आकार हाताने द्या, ऑटोपेक्षा 15 टक्के कमी. उभं अलाइन सेंटर ठेवून मजकूर अर्धा मिमी खाली घ्या आणि ‘र्टी’, ‘कृ’, ‘पू’ अशी वर-खाली जाणारी अक्षरं छापून तपासा. 180 डीपीआयच्या यंत्रात 1 मिमीला 7 ठिपके मिळतात. मात्रेसकट 4 मिमीपेक्षा लहान छापलं तर जोडाक्षरं भरून काळी होतात. ठळक फॉन्टने ती आणखी भरतात, साधं वजनच घ्या. नावं मराठीत लिहा, पण केबल नंबर ड्रॉइंगवर ज्या लिपीत आहेत त्याच लिपीत ठेवा.

प्रश्न : फेरूलवर 66 आणि 99, 68 आणि 89 यांची गल्लत होते. काय करावं?
— आयटीआय विद्यार्थी, धुळे

उत्तर : 6 आणि 9 खाली रेघ छापा, काही फेरूल प्रिंटरांत ही सोय सेटिंगमध्येच असते. नसेल तर नंबरनंतर टिंब द्या: ‘66.’ उलटं केलं की टिंब सुरुवातीला आणि वर जातं, चूक लगेच दिसते. फेरूल घालताना दिशा ठरवून घ्या. आडव्या वायरवर डावीकडून उजवीकडे, उभ्या वायरवर खालून वर. पॅनेलमध्ये दोन वायरमन असतील तर हे काम सुरू करण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना सांगावं, आणि दरवाज्यावरच्या वायरिंगलाही तोच नियम लावावा.